खालच्या मजल्यावरचा सत्कार

कुशाबाई कॉटवरून उठायला गेल्या आणि पडल्या, तेव्हा वैजयंती सिस्टर खालच्या मजल्यावर शाल-श्रीफळाचं ताट धरून उभी होती. हॉस्पिटलात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फरशी पुसणाऱ्या मावशींना ठाऊक होतं, मेडिकलवाल्याला ठाऊक होतं, आणि ज्यांनी तिच्या हातात ते ताट दिलं त्यांना तर होतंच होतं. पण दिवस मावळायच्या आत असं काही झालं, की कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटल जुन्नरचं, डॉक्टर आदेश यांचं. खाली तपासणी, वर वॉर्ड. वैजयंती तिथं बरीच वर्षं होती. तिचं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नाचणीवर जगणारं घर. बाप भागू यानं पोरीला नर्सिंगला घातलं तेव्हा वाडीतल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. नवरा सावळेराम एसटीत ड्रायव्हर. दोघं बाजारपेठेतल्या एका बोळात भाड्यानं राहायची. वैजयंती कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ, पण पेशंट तिच्यावर विसंबून असायचे.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या नव्या ऑपरेशन थिएटरचं उद्घाटन होतं. थिएटरला कर्ज दिलं होतं आंबेगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेनं, आणि तिचे चेअरमन होते महाळुंगे पडवळचे बाळासाहेब. म्हणून तर त्यांनी आपल्या आईला, कुशाबाईंना, मंचर हाकेवर असताना जुन्नरला आणलं होतं. डॉक्टर आपल्या घरचे, असं ते चारचौघांत सांगायचे. कुशाबाईंना ताप येऊन गेला होता, रक्तातलं मीठ उतरलं होतं, उभं राहिलं की गरगरायचं. एकटीनं कॉट सोडायची नाही, असं वैजयंतीनं त्यांना सांगितलं होतं, आणि उशाशी बसलेल्या त्यांच्या सुनेला, आरतीला, दोनदा बजावलं होतं.

एवढं बजावायला कारण होतं. कॉटच्या एका बाजूच्या कठड्याची कडी निसटायची. वैजयंती तो बँडेजच्या पट्टीनं बांधून ठेवायची. आणि थिएटरच्या बांधकामात वरच्या मजल्यावरच्या, सिस्टरला बोलवायच्या बेलची वायर तुटली होती ती तशीच लोंबत होती. तिनं दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घातल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, एकदा उद्घाटन उरकू दे, मग सगळंच करून घेऊ.

दुपारी खाली मांडव सजला. दुसरी सिस्टर चहापाण्याला खाली गेली. मावशी खाली गेल्या. वॉर्ड भरलेला आणि वैजयंती एकटी. डॉक्टरांच्या बायकोचा, समृद्धी मॅडमचा, फोन आला की ताट धरायला कुणीतरी युनिफॉर्ममधलं पाहिजे, फोटोत बरं दिसतं. वैजयंती म्हणाली, मला वॉर्ड सोडता येणार नाही. फोन ठेवला न ठेवला तोच डॉक्टर स्वतः जिना अर्धा चढून वर आले.

"सर, वर कुणीच नाही," ती म्हणाली.

"नातेवाईक आहेत ना प्रत्येकाजवळ. पाहुणे खोळंबलेत, वैजयंती. चल."

ते थांबून राहिले. मालक जिन्यात उभा राहून वाट बघतोय आणि आपण नाही म्हणतोय, हे तिला जमलं नाही. तिनं कुशाबाईंच्या कठड्याची पट्टी आवळली, आरतीला सांगितलं की मी येईपर्यंत आजींना उठू द्यायचं नाही, आणि ती खाली गेली.

भाषणं लांबली. ताटातल्या शाली एकेक करून संपत आल्या. मग माइकवरून बाळासाहेबांचं नाव पुकारलं, आणि माइकवाल्यानं हौसेनं जोडलं, की चेअरमन साहेबांचा सत्कार जोडीनं व्हायला पाहिजे. बाळासाहेबांनी वर निरोप धाडला. वैजयंतीला दिसलं, आरती डोक्यावरचा पदर सावरत जिना उतरतेय. वर आता कुशाबाईंजवळ कुणीही नव्हतं. तिनं ताट मॅडमपुढं केलं. मॅडमनी ते घेतलं नाही, डोळ्यांनीच दटावलं, थांब. आणि वैजयंती थांबली. बाळासाहेबांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या, फोटोवाला म्हणाला अजून एक, आणि ती थांबून राहिली. आपलं चुकलं ते इथं, हे पुढं तिनं प्रत्येकाला सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

पडल्याचा आवाज टाळ्यांत विरला. ओरडली ती शेजारच्या कॉटवरची बाई. वैजयंती ताट फरशीवर टाकून धावली तेव्हा कुशाबाई कॉट आणि भिंत यांच्या सांदीत पडल्या होत्या. एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. पट्टी सुटून कठडा खाली आलेला. लघवीनं लुगडं भिजलेलं. त्या ओरडत नव्हत्या. ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होत्या, आणि वैजयंतीनं हात लावला तेव्हा त्यांनी तो झिडकारला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ज्या थिएटरचं नुकतंच उद्घाटन झालं होतं तिथं ऑपरेशन करायला डॉक्टर धजले नाहीत. अँब्युलन्सनं पुण्याला हलवायचं ठरलं. बाळासाहेब अजून शाल अंगावर असतानाच वऱ्हांड्यात गरजत होते की सिस्टर कुठं उलथली होती, माझ्या आईला मारायला ठेवलीय का हिला, हिला मी सोडणार नाही. वैजयंती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. नुसती त्यांच्या शालीकडे बघत राहिली. बाळासाहेबांनी शाल काढली, घडी केली आणि आपल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली. पण आवाज खाली आणला नाही.

आठवडाभरात डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. तिच्या नावानं लिहिलेला खुलासा. ड्यूटीवर असताना मी खासगी फोन घेण्यासाठी गच्चीवर गेले, कठडा लावायचा राहिला, रुग्णाच्या पडण्यास माझा हलगर्जीपणा कारणीभूत आहे. खाली सहीला जागा.

डॉक्टर आदेश समजुतीनं बोलत होते. बाळासाहेबांनी वकिलाची नोटीस तयार ठेवलीय, पोलिसांतही अर्ज देतील. हॉस्पिटलचं नाव त्यात आलं तर हॉस्पिटल बंद पडेल, सगळ्यांचीच रोजीरोटी जाईल. त्यापेक्षा बाळासाहेबांशी बोलणं झालंय. पुण्याचा खर्च हॉस्पिटल उचलेल, आणि ते फक्त तिच्याविरुद्ध नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार करतील. फार तर काही दिवस नोंदणी थांबेल. नंतर तिला इथंच सांभाळून घेऊ.

"सर, मी गच्चीवर नव्हते."

"ते मला माहीत आहे."

"मी ताट धरून तुमच्या डाव्या हाताला उभी होते. तुम्हीच मला खाली आणलंत."

"भावनेच्या भरात बोलू नकोस. कायदा कागद बघतो."

वैजयंती म्हणाली, "माझी चूक मी लिहून देते सर. वॉर्ड सोडून खाली आले, आणि आरतीताई उतरताना बघूनही वर पळाले नाही. हे माझ्या अक्षरात लिहून देते. पण त्याच्याखाली तुम्ही पण लिहायचं, मला जिन्यातून कुणी नेलं, आणि बेल कुणी दुरुस्त केली नाही. माझा वाटा मी घेते. तुमचा पण मीच घ्यायचा, हे कुठल्या कायद्यात बसतं?"

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. उद्यापासून येऊ नकोस, असं ते खिडकीकडे बघत म्हणाले.

घरी सावळेरामनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की सही केली असतीस तर काय बिघडलं असतं. तो वाईट माणूस नव्हता. एसटीत उभं आयुष्य गेलेला, त्याला आपल्या अनुभवातलं दिसत होतं. तो म्हणाला, ब्रेक लागत न्हाईत म्हणून ड्रायव्हर डेपोत रोज सांगतो, डेपोवाले म्हणतात एवढी फेरी मारून ये. आणि गाडी ठोकली की सस्पेंड कोण, तर ड्रायव्हर. असंच असतंय. आपण डोकं खाली घालायचं, तीन महिन्यांनी परत कामावर जायचं.

वैजयंतीनं हातातलं भांडं ओट्यावर असं आदळलं की शेजारीण डोकावली. तिचा राग डॉक्टरांवर होता, बाळासाहेबांवर होता, मॅडमच्या त्या डोळ्यांवर होता, पण त्या संध्याकाळी तो सगळा सावळेरामवर निघाला. ती म्हणाली, तुम्ही डोकी खाली घालता म्हणून तर गाड्या तशाच सुटतात. रात्री दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. पण सकाळी सावळेरामनं ड्यूटी बदलून घेतली आणि तिच्याबरोबर कोर्टाजवळच्या भगवंतराव वकिलांकडे आला.

भगवंतराव म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी तिला धीर दिला नाही, उलट आहे तसं सांगितलं. नोकर कामावर असताना चुकला तर त्याचं उत्तर मालकाला द्यावं लागतं, हे खरं. हॉस्पिटलनं पुरेशी माणसं ठेवली नाहीत, बेल नाही, कठडा नाही, ही हॉस्पिटलची स्वतःची चूक, ती नर्सवर ढकलता येत नाही. पण म्हणून नर्स आपोआप सुटते असं नाही. तिला शिक्षण आहे, नोंदणी आहे. मालकानं बोलावलं म्हणून गेले, एवढं म्हणून भागत नाही. कौन्सिल विचारणारच की पेशंट पडू शकते हे तुला माहीत होतं, मग तू काय केलंस?

"आणि मी खाली होते हे सांगणारं कोण?" वैजयंतीनं विचारलं.

भगवंतराव म्हणाले, तिथं हजर असलेला कुणीही. मावशी, दुसरी सिस्टर, मांडववाला.

ती प्रत्येकाकडे जाऊन आली. मावशी रडल्या आणि म्हणाल्या, माझ्या पोटावर पाय आणू नको. दुसऱ्या सिस्टरनं दार अर्धंच उघडलं. मांडववाला म्हणाला, आमचं काय लक्ष असतंय ताई, आमी खुर्च्या मोजत बसतो. आणि मग कौन्सिलची नोटीस आली. तक्रारदार म्हणून बाळासाहेबांचं नाव, आणि मजकुरात तीच गच्ची, तोच खासगी फोन. तिनं सही न केलेला खुलासा शब्द न् शब्द तक्रारीत उतरला होता.

नोटीस वाचून वैजयंती उठली, चप्पल घातली आणि एसटी स्टँडवर गेली. नारायणगावला गाडी बदलून महाळुंगे पडवळला उतरली. कशाला चाललोय हे तिनं ठरवलं नव्हतं. बाळासाहेब भेटले तर त्यांच्या तोंडावर नोटीस फेकायची, एवढंच डोक्यात होतं.

बाळासाहेबांचा बंगला रस्त्यालाच होता. पुढं टोमॅटोच्या क्रेटची चळत, मागं उसाचं रान. बाळासाहेब घरी नव्हते. आरतीनं दार उघडलं आणि तिला बघून ती एकदम पांढरी पडली. आतून कुशाबाईंचा आवाज आला, कोण आलंय गं?

"जुन्नरची सिस्टर आहे," आरती हळूच म्हणाली.

"आत लावून दे तिला."

कुशाबाई खालच्या खोलीत लोखंडी पलंगावर होत्या. बाजूला वॉकर. ताठ मानेची बाई, पण अंग अर्धं झालेलं. त्यांनी बस म्हटलं नाही.

"तू कुठं व्हतीस?" त्यांनी विचारलं. "मी हाका मारल्या. लई मारल्या. मला मोरीला जायाचं व्हतं. सून न्हाई, तू न्हाई. वायर वढली तर ती हातात आली. पोरं, लेकीसुना, नातवंडं असलेली बाई मी, अंथरुणात करू का? म्हणून उठले. आनि पडले, ते त्या लोकांसमोर तसलं लुगडं घेऊन. हाड जुळलं माझं. पर ते कसं जायाचं? मला सांग, तू कुठं व्हतीस?"

वैजयंती भांडायला आली होती. पण हा राग तिच्या रागापेक्षा मोठा होता, आणि खरा होता. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "आजी, मी खाली होते. सत्काराचं ताट धरून. डॉक्टरांनी नेलं म्हणून गेले. जायला नको होतं."

"सत्कार? कुणाचा सत्कार?"

वैजयंतीनं आरतीकडे बघितलं. आरती भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. तेव्हा वैजयंतीला कळलं की आजींना काहीच सांगितलेलं नाही.

"बाळासाहेबांचा," ती म्हणाली. "जोडीनं. तुम्ही पडलात तेव्हा ते खाली शाल घेत होते."

कुशाबाईंना सांगितलं होतं की बाळासाहेब त्या दिवशी मंचरच्या बाजारात होते, पडल्याचं कळल्यावर धावत आले, आणि आरती औषधं आणायला गेली होती, आणि सिस्टर गच्चीवर फोनवर हसत बसली होती. रोज कुणी ना कुणी येऊन त्यांच्या उशाशी बसून त्या सिस्टरला शिव्या घालून जायचं, आणि त्याही घालायच्या.

आरती रडायला लागली. म्हणाली, ह्यांनी निरोप धाडला, मी आले नाही तर चारचौघांत ह्यांचा पाणउतारा झाला असता. आत्याबाई झोपल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं आत्ता जाऊन येते.

"झोपले नव्हते मी," कुशाबाई म्हणाल्या. "डोळं मिटलं व्हतं."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बाळासाहेब आत आले ते वैजयंतीला बघून दारातच तांबडेलाल झाले. हिला घरात कुणी घेतली, आईचा जीव घ्यायचा राहिला म्हणून आली का, असं त्यांनी सुरू केलं. वैजयंतीनं पर्समधून नोटीस काढली, पण ती फेकायची वेळ आली नाही.

"बाळू," कुशाबाई म्हणाल्या, "तू कुठं व्हतास?"

बाळासाहेब म्हणाले, आई, तुला त्यातलं कळत न्हाई. पतसंस्थेचं एवढं मोठं कर्ज आहे त्या हॉस्पिटलवर. हॉस्पिटल बुडालं तर माझी खुर्ची जाते. डॉक्टरनं पुण्याचा सगळा खर्च दिलाय. हिचं काय जायाचं? दुसरीकडं नोकरी बघंल.

"खर्चाचं न्हाई इच्यारलं मी."

"आई—"

"हाड माझं मोडलं का तुझं? मग तक्रार तुझ्या नावानं कशी गेली? मला कुणी इच्यारलं? पुण्याच्या डाक्टरनं तुला इच्यारलं, कसं पडल्या. तू सांगितलंस. पोलीस आला, तुला इच्यारलं. तू सांगितलंस. मी काय मेले व्हते?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "आता मी सांगणार. माझ्या नावानं, माझ्या अंगठ्यानं. त्या डाक्टरवर. आनि हिच्यावर बी."

वैजयंतीकडे बोट होतं. आरतीनं चमकून वर बघितलं.

"ही खोटं बोलली न्हाई म्हणून हिला सोडू का?" कुशाबाई म्हणाल्या. "मला टाकून गेलीच की ही. तिचं जेवढं हाय तेवढं तिला लागू द्या."

"लागू द्या आजी," वैजयंती म्हणाली. "माझं नाव घाला. मी नाही म्हणणार नाही."

तिथून परतताना तिला गाडीत हुंदका आला आणि तो रागाचा आहे की कशाचा हे तिला समजेना.

भगवंतराव हे ऐकून पहिल्यांदा हसले. म्हणाले, मी मात्र दोघींचा वकील होऊ शकत नाही, तुम्ही समोरासमोर आहात. कुशाबाईंनी मंचरची एक वकीलबाई केली. पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार लागली. तक्रारदार कुशाबाई, पहिला सामनेवाला हॉस्पिटल, दुसरी वैजयंती. बाळासाहेबांनी आईशी बोलणं टाकलं. घरातल्या घरात महिनोन् महिने ती दोघं एकमेकांना ओलांडून जात राहिली, म्हणजे तो ओलांडून जायचा, ती वॉकर घेऊन उभी राहायची. आरतीनं मात्र आपलं प्रतिज्ञापत्र सासूच्या बाजूनं दिलं, नवऱ्याला न विचारता.

वैजयंतीला जुन्नरात कुणी कामावर घेतलं नाही. डॉक्टर लोक एकमेकांना फोन करतात, हे तिला माहीत होतं. शेवटी मंचरच्या एका लहान दवाखान्यात जागा मिळाली. पहिल्या दिवशीच तिनं तिथल्या डॉक्टरांना सांगितलं की माझ्यावर केस चालू आहे, आणि मी वॉर्ड सोडून कुठल्याही कारणासाठी जाणार नाही, चालणार असेल तर ठेवा. ठेवलं.

आयोगात तारखांवर तारखा पडल्या. डॉक्टर आदेश यांच्या वकिलानं गच्चीची गोष्ट चालवली. मग सांगितलं की पेशंट स्वतः सूचना मोडून उठली. मग सांगितलं की नातेवाइकांनी लक्ष द्यायला हवं होतं. कुशाबाई प्रत्येक तारखेला यायच्या. आरती त्यांना भाड्याच्या गाडीनं आणायची. वैजयंती आणि त्या एकाच बाकावर दोन टोकांना बसायच्या. कुशाबाई तिच्याशी बोलायच्या नाहीत. एकदा वैजयंतीनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी घेतली, प्याल्या, आणि तोंड फिरवून बसल्या.

आयोगानं बाळासाहेबांना समक्ष बोलावलं. पांढरे कडक कपडे, कपाळाला गंध, असे ते उभे राहिले. वकीलबाईंनी आधी एवढंच विचारलं, की तुमची आई पडली तेव्हा तुम्ही कुठं होता. बाळासाहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. मग मागच्या रांगेत बसलेल्या आईकडे. कुशाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या, जशा त्या दिवशी छताकडे बघत होत्या तशा.

"खाली होतो," ते म्हणाले. "कार्यक्रमाला."

"आणि सिस्टर?"

"ती पण खाली होती. ताट तिच्या हातात होतं."

"गच्चीवर कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

वैजयंतीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला मोकळं वाटेल. वाटलं नाही. उलट अंगाचा तिळपापड झाला. एवढंच तर बोलायचं होतं. एवढ्यासाठी तिची नोकरी गेली, सावळेरामशी भांडणं झाली, माहेरी झुंबरबाई, तिची आई, डोंगरातल्या बायकांना तोंड दाखवेनाशी झाली. चार शब्द, आणि ते या माणसाला इतके दिवस जड होत होते.

निकाल हॉस्पिटलच्या विरोधात गेला. हॉस्पिटलनं वॉर्डवर पुरेसा स्टाफ ठेवला नाही, बेल आणि कठडा दुरुस्त केला नाही, आणि ड्यूटीवरच्या एकमेव परिचारिकेला समारंभासाठी हलवलं, ही सेवेतली त्रुटी, असं आयोगानं म्हटलं. भरपाई हॉस्पिटलनंच द्यायची. वैजयंतीवर वेगळा बोजा टाकला नाही. पण एक वाक्य तिच्याबद्दल होतं, की रुग्णाजवळ कोणी उरलेलं नाही हे दिसताच प्रशिक्षित परिचारिकेनं परत जायला हवं होतं. कौन्सिलनंही नोंदणी काढली नाही, लेखी ताकीद दिली.

सावळेराम म्हणाला, सुटलीस. वैजयंती ते एक वाक्य पुनःपुन्हा वाचत होती. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते तिला सोडत नव्हतं. तिच्या चुकीला एक स्वच्छ वाक्य मिळालं. पण जिन्यात उभं राहून चल म्हणणाऱ्या माणसाची नोंदणी तशीच राहिली. त्याला ताकीद नव्हती, त्याच्या जागी हॉस्पिटल हा शब्द होता. आणि मॅडमचे डोळे तर कुठंच नव्हते.

डॉक्टर आदेश अपिलात गेले. हॉस्पिटल बंदबिंद काही पडलं नाही.

नंतर एक दिवस वैजयंतीला आरतीच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या कुशाबाई. निकालानंतर पहिल्यांदा.

"त्या डाक्टरनं पाटी लावलीय म्हणं. आमच्या गावचा एक जण जाऊन आला. बघून ये."

सुट्टीच्या दिवशी वैजयंती जुन्नरला गेली. हॉस्पिटलच्या दारातच, पैसे भरायच्या खिडकीवर, लाल अक्षरांत मोठी पाटी होती. रुग्णाची काळजी घेण्याची जबाबदारी नातेवाइकांची आहे, रुग्ण पडल्यास हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही. खिडकीतली मुलगी नवी होती, तिला ओळखत नव्हती. वैजयंती सरळ जिना चढून वर गेली. वॉर्ड भरलेला, आणि एकच सिस्टर, तीही नवी, सलाईन बदलत होती. बेलची वायर कापून भिंतीवर टेप लावली होती. कुशाबाईंच्या जागी एक म्हातारा होता आणि त्याच्या कॉटचा कठडा सुतळीनं बांधलेला होता.

तिनं तिथूनच फोन लावला.

"आजी, पाटी आहे. आणि वर एकच पोरगी आहे."

पलीकडून कुशाबाई म्हणाल्या, "पाटी लावल्यानं सुटतो का गं तो? कायद्यानं?"

"नाही सुटत. भगवंतरावांनी सांगितलंय, पाटीनं जबाबदारी जात नाही. पण लोकांना ते माहीत नसतं. पाटी वाचून लोक भांडायलाच येत नाहीत."

"मग वकिलीणबाईला इच्यार, ती काढाया कशी लावायची. पुन्ना जायाचं असंल तर जाऊ. गाडी मी बघते."

"विचारते."

"आनि तू मला टाकून गेलीस ते मी इसरले न्हाई."

"मी पण नाही, आजी."

फोन ठेवून वैजयंती त्या नव्या सिस्टरकडे गेली. नाव न विचारता, ओळख न सांगता म्हणाली, त्या बाबांचा कठडा सुतळीनं टिकणार नाही, कॉट बदलून घे, आणि खाली कुणीही बोलावलं तरी जाऊ नकोस. मुलगी गोंधळून म्हणाली, सरांनी बोलावलं तर? वैजयंतीनं एक खुर्ची ओढली, म्हाताऱ्याच्या कॉटला लावली आणि तिच्यावर बसली.

"बोलव तुझ्या सरांना वर," ती म्हणाली. "म्हणावं, वैजयंती आलीय."